गावची आरोग्यसेविका : तिची निवड आणि तिचे शिक्षण
(अभ्यासपाठ)



आजारी माणसाला बरे करणे हे वैद्याचे काम होय, ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु माणसाने मुळात आजारी पडू नये, आणि पडलाच तर त्याचे दुखणे वाढण्यापूर्वी घरच्या घरी ओळखले जावे, हे काम कोणाचे? ह्या प्रश्नाचा विचार आपण सहसा करीत नाही. दवाखाना तालुक्याच्या गावी आहे, तेथे डॉक्टर आहेत, पदरी चार पैसे असले आणि वाटेतल्या ओढ्याला पूर नसला म्हणजे आपण तेथे पोहोचू, एवढ्यावर आपण समाधान मानतो. मात्र ज्या घरातील मूल रात्रीतून गेले त्या घराला हे समाधान पुरत नाही.

प्रस्तुत पाठात आपण अशा एका कार्याचा अभ्यास करणार आहो, की ज्याने हा प्रश्न महाराष्ट्रातील एका दुष्काळी तालुक्यात विचारला आणि त्याचे उत्तर खेड्यातील निरक्षर स्त्रियांच्या हाती दिले. पाठ मंडळीच्या अभ्यासवर्गात, स्त्रियांच्या सभेत अथवा घरी कुटुंबासह वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवावा. कारण हा पाठ विशेषेकरून त्यांच्यासाठी आहे. शेवटी दिलेल्या प्रश्नांवर सर्वांनी मोकळ्या मनाने बोलावे.

१. प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे काय?

सन १९७८ च्या सप्टेंबर महिन्यात त्या वेळच्या सोव्हिएत संघातील आल्मा-आटा ह्या शहरी (हे आज कझाकस्तानात असून त्यास अल्माटी म्हणतात) जगातील १३४ देशांचे प्रतिनिधी एकत्र जमले. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी यांनी ही परिषद बोलाविली होती. तेथे असे जाहीर करण्यात आले की आरोग्य हा प्रत्येक मनुष्याचा हक्क आहे, आणि तो सर्वांस मिळावयाचा असेल तर त्याची सुरुवात मोठ्या इस्पितळापासून नव्हे, तर माणसे जेथे राहतात व कष्ट करतात तेथूनच झाली पाहिजे. ह्या पहिल्या पायरीच्या सेवेस प्राथमिक आरोग्यसेवा असे नाव आहे.

तिची निदान आठ अंगे त्या परिषदेने सांगितली : लोकांस आरोग्याचे शिक्षण देणे; पुरेसे व योग्य अन्न; शुद्ध पाणी आणि स्वच्छता; माता व बालक यांची काळजी, तीत कुटुंबनियोजनही आले; रोगप्रतिबंधक लसी; त्या त्या भागातील नेहमीच्या साथींना आळा; सामान्य आजार व दुखापती यांवर योग्य उपचार; आणि अत्यावश्यक औषधांचा पुरवठा. वाचकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. पहिल्या तीन अंगांस औषधाच्या बाटलीची गरजच नाही, आणि बाटली येते ती सर्वांच्या शेवटी. आपण मात्र आरोग्य म्हटले की प्रथम बाटलीच डोळ्यांपुढे आणतो.

ह्या परिषदेच्या तीन वर्षे आधी, म्हणजे १९७५ साली, जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील अशा प्रयत्नांची माहिती देणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यात आपल्या महाराष्ट्रातील एका गावाचे नाव होते. ते गाव म्हणजे जामखेड.

२. जामखेडचा आरंभ

जामखेड हे त्या वेळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव. पाऊस अपुरा, जमीन हलकी, आणि पोटासाठी दूरदेशी जाण्याची पाळी बहुतेक वर्षी ठरलेली. डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे ह्या उभयतांनी १९७० साली येथे कार्यास आरंभ केला.

दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झाले होते. पुढे त्यांनी नगर जिल्ह्यातीलच वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काही वर्षे सेवा केली. तेथील अनुभव त्यांच्या मनास लागून राहिला. आज बरे करून पाठविलेले मूल काही दिवसांनी त्याच दुखण्याने पुन्हा खाटेवर येई; कारण ज्या पाण्याने, ज्या उपासमारीने व ज्या अज्ञानाने त्यास आजारी पाडिले होते, त्याच घरी ते परत जात असे. इस्पितळाच्या दारात बसून वाट पाहिल्याने गाव निरोगी होत नाही, हे त्यांस कळून चुकले. नंतर त्यांनी अमेरिकेत अधिक शिक्षण घेतले, आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते स्वदेशी परतले. परदेशी मोठ्या पगारावर राहणे त्यांस अवघड नव्हते. त्यांनी जामखेड पसंत केले, आणि तेही तेथील लोकांचे बोलावणे आल्यावर.

त्या वेळची स्थिती एका आकड्यावरून कळेल. सन १९७१ च्या सुमारास ह्या भागात जन्मास येणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्ष पुरे होण्यापूर्वीच मरण पावत; म्हणजे दर सहा मुलांत जवळजवळ एक. सन १९९६ पर्यंत हा आकडा दर हजारी २६ वर आला. पंचवीस वर्षांत हे कसे घडले? नवीन औषधांचा शोध लागला म्हणून नव्हे. लागणारी बहुतेक औषधे १९७१ सालीही होतीच. मग जे नव्हते ते कोणते, हे आता पाहू.

३. निवड कोणाची आणि कोणी करावी?

आरंभी आरोळे दांपत्याने जी योजना केली ती कोणासही योग्य वाटली असती. त्यांनी शिकलेल्या परिचारिकांस गावोगावी ठेवून पाहिले. परंतु ही योजना फसली. त्या मुली तरुण, बाहेरगावच्या, आणि गावात परक्या. गावच्या स्त्रिया त्यांच्यापाशी मन उघडे करीनात, आणि त्या मुलींसही तेथे एकटे राहणे कठीण होऊन बसले. ज्ञान होते, पण ते उंबरठा ओलांडून आत जाईना.

तेव्हा एका गावच्या सरपंचानेच सुचविले की बाहेरची मुलगी आणण्यापेक्षा आमच्याच गावातील एखादी बाई का शिकवीत नाही? ही सूचना साधी होती, पण तिने कार्याची दिशा बदलली. गावाने आपल्यातील एक स्त्री निवडावी. ती संसारी, प्रौढ, सर्वांच्या घरी जाणारी-येणारी असावी. लोकांचा तिच्यावर विश्वास असावा आणि तिला लोकांविषयी कळवळा असावा, एवढीच अट. अक्षरओळखीची अट ठेविली नाही. अशा ज्या स्त्रिया आल्या त्यांतील कित्येक दलित वस्तीतील होत्या. कित्येकींना नवऱ्याने टाकिले होते. बहुतेकींच्या बोलण्याकडे तोवर कोणी लक्ष दिले नव्हते.

येथे कोणी म्हणेल की, जिला आपले नाव लिहिता येत नाही तिच्या हाती लोकांचे प्राण कसे द्यावे? हीच शंका त्या काळी पुष्कळ शहाण्या माणसांनी घेतली. परंतु विचार करा : त्या स्त्रियांच्या हाती लोकांचे प्राण आधीपासून होतेच. बाळंतपणे कोण करीत होते? तापाच्या मुलाला काय खाऊ घालावे व काय वर्ज्य करावे, हे कोण ठरवीत होते? गावची सुईण, आजी, शेजारीण यांच्याच हाती ही कामे होती. तेव्हा खरा प्रश्न इतकाच होता की, त्या हातांस शिकवावे की न शिकवावे.

४. शिक्षणाची रीत

आता आपण ह्या पाठाच्या मुख्य भागाकडे येतो. कारण जामखेडचे खरे मर्म निवडीपेक्षाही शिक्षणाच्या रीतीत आहे.

आपल्याकडे शिक्षणाची सर्वसाधारण कल्पना अशी की, काही महिने वर्गात बसावे, परीक्षा द्यावी, प्रमाणपत्र घ्यावे, आणि शिक्षण संपले असे समजावे. जामखेडच्या स्त्रियांचे शिक्षण संपले नाही. त्या दर आठवड्यास केंद्रात येत, रात्री तेथेच मुक्काम करीत, आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी परतत. एका आठवड्यात थोडेच शिकावयाचे, ते गावात जाऊन करून पाहावयाचे, आणि पुढच्या आठवड्यास त्याचे काय झाले ते येऊन सांगावयाचे. हा क्रम वर्षानुवर्षे चालला.

शिकविण्याची साधने चित्रे, गाणी, नाटुकली, प्रत्यक्ष पाहणी आणि प्रश्नोत्तरे ही होती. जी बाई कांडताना शेकडो ओव्या तोंडपाठ म्हणू शकते तिची स्मरणशक्ती कमी कशी म्हणावी? वजनाचा काटा कसा वाचावा, बालकाच्या दंडाचा घेर मोजून त्याची उपासमार कशी ओळखावी, गरोदर स्त्रीचे पोट कसे तपासावे, कोणती लक्षणे दिसताच तिला इस्पितळात पाठवावे, क्षय व कुष्ठ यांची पहिली खूण कोणती, ह्या गोष्टी त्या हाताने व डोळ्याने शिकल्या.

ह्या पद्धतीचे बळ कोठे आहे ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका सेविकेने येऊन सांगितले की, "मी त्या मुलीला मीठ-साखरेचे पाणी कसे करावे ते दाखविले. तिने एकदा पाजले आणि मग थांबविले. मूल दगावले." जेथे शिक्षण प्रमाणपत्रापाशी संपते तेथे ही बाई हे कोणाला सांगणार? ती गप्प राहील, आणि तीच चूक पुन्हा घडेल. परंतु येथे तिच्यासारख्या दहा-वीस जणी भोवती बसल्या आहेत. एक विचारते, "त्या घरात शब्द कोणाचा चालतो?" उत्तर येते, "सासूचा." "मग तू सासूशी बोललीस काय?" "नाही." तेथे धडा तयार होतो : पाणी कसे करावे हे आईला दाखवावे, परंतु ते का द्यावे हे आधी सासूला पटवून द्यावे. हा धडा कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नाही. तो अपयशातून निघाला, आणि ते अपयश उघडपणे सांगण्याची सोय होती म्हणून निघाला.

ह्याकरिता शिकविणाऱ्यासही एक गोष्ट शिकावी लागली. चूक सांगणारीला रागे भरले तर पुढच्या आठवड्यास कोणीही खरे सांगणार नाही. डॉक्टरने खुर्ची सोडून चटईवर बसावे, आधी ऐकावे, आणि मग बोलावे, ह्याखेरीज हे शिक्षण शक्य नव्हते.

आणखी एक धडा फळ्यावर न लिहिता शिकविला गेला. निरनिराळ्या जातींच्या ह्या स्त्रियांनी एकत्र राहावयाचे, एकत्र जेवावयाचे, हे आरंभी सोपे गेले नाही. शिवाशिवीचा संकोच होताच. पण एका पंगतीत बसल्यावाचून एकमेकींची सुखदुःखे कळत नाहीत, हे हळूहळू ध्यानी आले. आणि जी सवय केंद्रात जडली ती त्या गावी घेऊन गेल्या. पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरी खोदल्या तेव्हा अनेक ठिकाणी हापसा दलित वस्तीत बसविण्यात आला, आणि पाण्यासाठी सगळ्या गावाला तेथे जावे लागले.

५. एक धडा आपणही शिकू : जुलाब

ज्ञान साध्या माणसाच्या हाती दिल्याने काय होते, ह्याचे दुसरे उदाहरण त्याच काळातील आहे. सन १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले, आणि बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून ते रोग्यांस पाजण्याचे काम त्यांच्या आईबापांवर व नातलगांवर सोपविले. पूर्वी शंभरांत सुमारे तीस रोगी मरत होते. ही रीत सुरू केल्यावर तो आकडा शंभरांत चारांहून खाली आला. शुश्रूषा करणाऱ्यांत शिकलेले थोडेच होते. मात्र प्रत्येकाच्या हाती एक पेला आणि एक स्पष्ट सूचना होती.

आपल्या खेड्यांत अजून कोठे कोठे अशी समजूत आढळते की, जुलाब होत असता मुलाला पाणी दिले तर जुलाब वाढतील. ही समजूत घातक आहे. जुलाबाने मूल मरते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. आणि आपण वरून पाणी बंद केले म्हणजे त्या मृत्यूस साहाय्यच करतो. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घराने पाठ कराव्या :

(अ) जुलाब सुरू होताच क्षारसंजीवनीचे पाकीट आणून त्यावर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ पाण्यात कालवावे व थोडे थोडे, वारंवार पाजावे. पाकीट अंगणवाडीत, उपकेंद्रात अथवा आशाताईंपाशी मिळते.

(आ) पाकीट हाताशी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ नीट विरघळवावे. माप काटेकोर असावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे.

(इ) अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये.

(ई) सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम व दोन ते सहा महिन्यांच्या बालकास रोज १० मिलिग्रॅम जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावी, जुलाब आधी थांबले तरीही.

(उ) डोळे खोल गेले, मूल मलूल झाले अथवा त्यास पिता येईना, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसू लागली, किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा, आणि वाटेतही पाजीत राहावे.

६. बाळंतीण आणि नवजात बालक

पूर्वी नवजात बालकांच्या मृत्यूचे एक मोठे कारण धनुर्वात हे होते. नाळ विळ्याने किंवा हाती येईल त्या धारेने कापावी, तीवर राख अथवा शेण लावावे, आणि काही दिवसांनी मुलाचा जबडा मिटून अंग ताठ झाले म्हणजे सटवाईचा लेख म्हणून कपाळाला हात लावावा, असे चाले. सेविकांनी गावच्या सुईणींशी वाद घातला नाही. त्यांनी त्यांस पाच गोष्टी स्वच्छ ठेवण्यास शिकविले : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ, आणि नाळेचे टोक स्वच्छ व कोरडे, म्हणजे त्यास काही न लावणे. गरोदरपणी आईस धनुर्वाताची लस टोचली म्हणजे बालकाचेही रक्षण होते. अशा उपायांनी १९१५ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१५ साली, माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. आता बाळंतपण दवाखान्यातच व्हावे हे उत्तम. परंतु पाच स्वच्छतांचा नियम तेथेही तोच आहे. तसेच पहिला चीक टाकून न देता जन्मल्यापासून तासाभरात बाळास पाजावा. त्यात रोगप्रतिकाराची शक्ती असते.

ह्याच मार्गाने पुढचे पाऊल गडचिरोलीत पडले. डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग यांच्या सर्च ह्या संस्थेने तेथील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून शिकविले. त्या घरोघरी जाऊन नवजात बालकाचे वजन करीत, त्यास ऊब देण्यास शिकवीत, आणि जंतुदोष व न्यूमोनिया ओळखून ठरलेले औषध देत. त्या गावांत जन्मापासून २८ दिवसांच्या आत होणारे बालमृत्यू दर हजारी ६२ होते. १९९५ ते १९९८ ह्या तीन वर्षांच्या कामाअखेर ते २५ च्या आसपास आले. न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजण्याचे ज्ञान पुरते, आणि ते प्रत्येक आईस असावे. मूल शांत असता पूर्ण एक मिनिट त्याचे पोट वर-खाली होताना मोजावे. दोन महिन्यांखालील बालकाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील बालकाचा ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या बालकाचा ४० किंवा अधिक भरल्यास, अथवा श्वास घेताना छातीखालची बाजू आत ओढली जात असल्यास, त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

७. सेविकेची मर्यादा

येणेप्रमाणे सेविकेची थोरवी सांगितली, तरी एक सावधगिरीची गोष्ट सांगितल्यावाचून पाठ पुरा होणार नाही. आरोग्यसेविका ही डॉक्टरची जागा घेणारी नव्हे. अडलेले बाळंतपण, फार रक्तस्राव, गरोदरपणी झटके, तान्ह्या बालकाचे दूध तोडणे, ह्यांवर गावात उपाय नाही, आणि हे ओळखणे हाच तिच्या शिक्षणाचा मोठा भाग होय. जामखेडास सेविकांच्या पाठीशी रुग्णालय होते. तिने पाठविलेला रोगी तेथे स्वीकारला जाई. ज्या सेविकेच्या पाठीशी दवाखाना नाही, वाहन नाही, औषध नाही, तिला नुसते शिकवून गावात सोडणे म्हणजे तिच्या माथी दोष मारणे होय. उलट, ज्या इस्पितळाला गावात सेविका नाही, त्याच्याकडे रोगी येतो तो वेळ निघून गेल्यावर.

सन १९८८ मध्ये जामखेडच्या एक सेविका, मुक्ताबाई पोळ, अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरी एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलावयास उभ्या राहिल्या. सभागृहात मोठमोठी झुंबरे लखलखत होती. त्यांनी डॉक्टरांस त्या झुंबराची उपमा दिली, आणि आपणासारख्या सेविकांस घरच्या दिव्याची. तो स्वस्त असतो, झोपडीत नेता येतो, आणि एकावरून दुसरा लावता येतो. सभा उभी राहिली. त्या उपमेतील शेवटचा भाग वाचकांनी विसरू नये. दिव्यावरून दिवा लावल्याने पहिल्याचा उजेड उणा होत नाही. विद्या दिल्याने वाढते असे आपण नेहमी म्हणतो. पण ज्यांच्यापाशी ती असते ते तिला कुलूप घालतात, ही आपली जुनी खोड आहे.

८. सरकारी योजना आणि आजची आशाताई

आपल्या सरकारनेही हे तत्त्व स्वीकारले. सन १९७७ च्या २ ऑक्टोबरपासून दर हजार वस्तीमागे एक आरोग्यस्वयंसेवक नेमण्याची योजना सुरू झाली. त्यांस तीन महिने शिक्षण व दरमहा ५० रुपये मानधन असे. परंतु निवडलेल्यांत पुरुषांचाच भरणा झाला. स्त्रियांच्या दुखण्यांपर्यंत ते पोहोचले नाहीत. आणि तीन महिन्यांनंतर त्यांचे पुढे शिक्षण कसे व्हावे, त्यांच्या अडचणी कोणी ऐकाव्या, ह्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. योजना हळूहळू निस्तेज झाली.

सन २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा ही योजना आली. येथे गावातीलच स्त्री निवडण्याचा नियम केला गेला. घरी येऊन नवजात बालकाची तपासणी करण्याचे काम पुढे त्यांच्याकडे आले. दवाखान्यात जन्मलेल्या बालकास त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटतात. देशात आज सुमारे दहा लाख आशाताई आहेत, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तथापि त्या स्वयंसेविका समजल्या जातात. त्यांचा मोबदला बव्हंशी कामागणिक मिळतो, आणि तो वाढावा म्हणून त्यांस वारंवार संप व मोर्चे करावे लागले आहेत. जिच्या नोंदवहीत रोज नवे रकाने पडतात, परंतु जिची हकीकत ऐकण्यास कोणी बसत नाही, ती सेविका हळूहळू कारकून होते. गौरव झाला हे चांगलेच. पण तिच्या शिक्षणाचे व पोटाचे काय, हा प्रश्न गौरवाने मिटत नाही.

९. बोध

ह्या सर्व इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. गाव निरोगी करणारी शक्ती प्रमाणपत्रात नाही, आणि केवळ औषधातही नाही. गावाने आपली मानलेली एक व्यक्ती, आणि ती जेथे पुन्हा पुन्हा येऊन आपले यश व अपयश निर्भयपणे सांगू शकेल अशी एक बैठक, ही दोन्ही जेथे आहेत तेथे मुले वाचली. बैठक मोडली तेथे योजना कागदावर राहिली.

तेव्हा आपल्या गावापुरते आपण काय करावे? आपल्या आशाताईंस स्त्रियांच्या सभेत महिन्यातून एकदा बोलवावे. त्यांना भाषण करावयास लावू नये, तर ह्या महिन्यात कोणत्या घरी अडचण आली ते विचारावे आणि ती दूर करण्यास हातभार लावावा. रात्री-अपरात्री रोग्यास नेण्यासाठी कोणाचे वाहन मिळेल, हे आधीच ठरवून ठेवावे. आणि वर दिलेले मीठ-साखरेच्या पाण्याचे माप व श्वासांची संख्या मुलांकडून पाठ करून घ्यावी. एवढे करण्यास पैसा लागत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. प्राथमिक आरोग्यसेवेच्या आठ अंगांपैकी आपल्या गावात कोणते अंग सर्वांत दुबळे आहे? ते का?

२. शिकलेल्या परिचारिका जेथे अयशस्वी झाल्या तेथे गावच्या स्त्रिया यशस्वी का झाल्या?

३. आपल्या घरात आजारी मुलाविषयी अखेरचा शब्द कोणाचा असतो? त्या व्यक्तीस पाठातील माहिती कोण सांगेल?

४. आपल्या गावात अलीकडे एखादे मूल किंवा बाळंतीण दगावली असल्यास, कोणासही दोष न देता, काय केले असते तर तो प्राण वाचला असता, ह्याचा विचार करा.

५. आपणांपाशी असलेले असे कोणते ज्ञान आहे, की जे आपण अजून दुसऱ्यास दिलेले नाही?